तळघराच्या पाच पिना

एखाद्याने आपली सरासरी एकशे ऐंशी असल्याचे सांगितले, की ऐकणारे एक तर शिट्टी वाजवत किंवा तोंड वाकडे करत. फ्लोरियन डोंबेक यांतले काहीच करत नसे. चष्मा कपाळावर सरकवून तो विचारायचा, "कुठल्या घरात?"

लांब लाकडी लेनवरून बॉल घरंगळवत दहा पिना पाडायचे बोलिंग जिथे चालते, त्या जागेला अमेरिकेतल्या मिलवॉकीत घर म्हणतात. त्या काळी शहराच्या एकट्या दक्षिण भागात अशी चाळीसएक घरे होती. कुठे गुत्त्याच्या मागच्या बाजूला दोनच लेन, तर कुठे गाड्यांच्या विस्तीर्ण तळामागे झगमगणाऱ्या बत्तीस. प्रत्येक घराचे लाकूड वेगळे, लाकडावरच्या तेलाचा हात वेगळा, पिना नव्या की झिजलेल्या तेही वेगळे. लोक मात्र आपापली सरासरी अशी मिरवत, जणू सगळा खेळ एकाच छताखाली चालला आहे. फ्लोरियन इंजिनांच्या कारखान्यात गेज-तपासनीस होता. कामगार ज्या मापाने मोजतात ते मापच आधी मोजून पाहायचे, हे त्याचे तीस वर्षांचे काम. त्यामुळे त्याचा प्रश्न आम्हाला त्याच्या इस्त्रीच्या शर्टासारखाच सवयीचा झाला होता.

एका डावाचे गुण जास्तीत जास्त तीनशे, आणि गुणांनाही पिनाच म्हणत; त्याची स्वतःची सरासरी एकशे एकसष्ट होती. "माझी सरासरी आणि माझं वजन," तो म्हणायचा, "दोन्ही लग्न न झाल्यामुळे हलत नाहीत."

शहराच्या बोलिंग संघटनेचा तो चिटणीस होता. दर हिवाळ्यात कोण कुठल्या घरात किती खेळला, कुठला बॉल वापरला, आठवड्यातून किती वेळा खेळला, हे सारे तो पुठ्ठ्याच्या कार्डांवर बारीक अक्षरात लिहून ठेवी. ती कार्डे बुटांच्या खोक्यांत भरलेली असत. त्यांतली दोन खोकी आज माझ्या कपाटात आहेत. पावसाळी दुपारी कधी झाकण उघडले, की जुन्या पुठ्ठ्याबरोबर तळलेल्या माशांचा वासही येतो. तो माझ्या मनाचा खेळ असावा, पण मी तो दुरुस्त करायला जात नाही.

मासे आमच्या तळघरातले. सेंट कुनेगुंडाच्या चर्चखाली सहा लेन होत्या. वस्तीतल्या पोलिश कामगारांनी त्या १९११ साली सुट्टीच्या दिवशी स्वतः बसवल्या. छत इतके बुटके, की उंच माणसाने बॉल सोडून हात वर केला तर बोटे खरचटायची. तिसऱ्या लेनच्या कडेने वाफेचा नळ जायचा, आणि जानेवारीत ती लेन बाकीच्या पाचांपेक्षा कोरडी पडायची. शुक्रवारी कॅथलिकांना मांस वर्ज्य, म्हणून शेजारच्या दालनात मासे, बटाट्याची थालीपिठे आणि राय धान्याचा पाव असे. तो बेत बर्निस क्रुकोव्स्की सांभाळायची. खेळाचे बूट भाड्याने द्यायचा काउंटरही तिचाच, आणि महिला संघाची कर्णधारही तीच. मी राज्याच्या उत्तरेकडच्या दूधदुभत्याच्या खेड्यातून आलेला, नॉर्वेजियन वंशाचा. कॉलेजात गणित शिकून इथल्या शाळेत मास्तर झालो होतो. पहिल्याच शुक्रवारी बर्निसने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले होते.

"पोलिश येतं?"

"नाही."

"पोहायला येतं?"

"नाही."

"मग येतं काय रे तुला, दूधवाल्या?"

"गणित."

"अरे देवा. फ्लोरियनला अजून एक जोडीदार मिळाला."

त्या दिवसापासून मी तळघरात 'प्रोफेसर' झालो आणि फ्लोरियनच्या संघात चौथ्या क्रमांकावर खेळू लागलो.

बुटांच्या काउंटरवर एक काळी लाकडी पाटी होती. तिच्यावर सोनेरी अक्षरांत लिहिले होते: 'अलोइस डोंबेक, सरासरी २०४, हिवाळा १९५१–५२.' अलोइस हा फ्लोरियनचा थोरला भाऊ. त्या हिवाळ्यात बिअर बनवणाऱ्या एका कंपनीच्या नामांकित संघाने त्याला चाचणीसाठी बोलावले होते. चाचणी आठ दिवसांवर आली असताना ओतशाळेत त्याचा उजवा हात साच्याखाली सापडला. मधली दोन बोटे गेली. बोलिंगचा बॉल नेमका त्याच दोन बोटांवर पेलायचा असतो. त्यानंतर त्याने बॉल उचलला नाही. तळघराच्या लेनची निगा मात्र त्याने आपणहून पत्करली. रोज दुपारी मोजे घालून तो लेनवर चढायचा, झाडायचा, पुसायचा आणि फवाऱ्याने तेल मारून लांब दांड्याच्या फडक्याने ते पसरवायचा.

त्या पाटीच्या खाली, चौकटीच्या कडेवर, कुणीतरी फार पूर्वी पेन्सिलीने लिहिले होते: 'बाहेर = २२४.' अक्षर पुसट झाले की कुणीतरी ते पुन्हा गिरवायचे.

हा वीस पिनांचा फरक म्हणजे आमच्या वस्तीची श्रद्धा होती. आमचे तळघर इतर घरांपेक्षा वीस पिनांनी कठीण आहे, असे सगळे मानत. पुरावाही होता. जो जो खेळाडू तळघर सोडून विमानतळाच्या रस्त्यावरच्या 'जेटस्ट्रीम' या बत्तीस लेनच्या घरात गेला, त्याची सरासरी वर्षभरात अठरा-वीस पिनांनी चढली. एडी यान्चाक गेला, चढला. श्टास वोल्नी गेला, चढला. म्हणजे इथले दोनशे चार तिथे दोनशे चोवीस. तेवढी सरासरी त्या काळी देशातल्या मोजक्याच लोकांची असेल. अलोइस कधी तिथे खेळला नव्हता, खेळूही शकणार नव्हता. पण तो तिथे काय झाला असता, हे त्या वीस पिनांमुळे सगळ्यांना ठाऊक होते.

दोघे भाऊ एकाच घरात राहत. अलोइस खाली, फ्लोरियन वरच्या मजल्यावर. अलोइसची बायको वारल्यापासून रात्रीचे जेवण एकत्र असे.

१९७३ च्या शरदात वाद पेटला. शहराच्या वसंत स्पर्धेत कमी सरासरीच्या संघाला सवलतीच्या पिना मिळत, म्हणजे दुबळ्यालाही बलवानाशी खेळता यावे. तळघराच्या संघांची सरासरी कमी. त्यामुळे आम्हाला सवलत भरपूर मिळे, आणि चार वर्षांत तीनदा चषक आम्ही नेला होता. इतर घरांचे म्हणणे असे, की आम्ही हिवाळाभर मुद्दाम रडतखडत खेळून सरासरी पाडतो. संघटनेने ठरवले की प्रत्येक घराचा कठीणपणा आकड्यात मांडायचा. कठीण घरातल्या खेळाडूच्या सरासरीत तेवढ्या पिना मिळवायच्या आणि मग सवलत काढायची.

बैठकीत जेटस्ट्रीमचा कर्णधार रे हॉफश्टेटर उभा राहिला. बिअरचे पिंप एका हाताने उचलणारा हा ट्रकचालक बोलतानाही वजन पेलल्यासारखा बोले.

"तळघराला वीस लावा," तो म्हणाला. "तुम्हीच सांगत फिरता ना, वीस वीस म्हणून? घ्या, मान्य! तुमचे एकशे सत्तर आम्ही एकशे नव्वद धरतो. सवलत तेवढी कमी."

"धरा की!" बर्निस जागेवरूनच ओरडली. "एवढ्या वर्षांनी कबूल केलंत, उपकार झाले. आम्हाला नको कुणाची सवलत."

मी तिच्या कानाशी म्हणालो, "बर्निस, वीस मान्य केलं तर आपण पहिल्याच फेरीत घरी."

"घरी तर घरी. ताठ मानेनं जाऊ. तुला नाही कळायचं ते, तुझ्या गावात गाईंच्या माना मोजतात."

म्हणजे भांडण संपलेच होते. त्यांना आमची सवलत कापायची होती, आम्हाला आमचा मान हवा होता, आणि दोन्हींसाठी वीस हा आकडा सोयीचा होता. कागदावर चिटणीसाची सही तेवढी बाकी होती. फ्लोरियनने पेन खिशातून काढलेच नाही.

"वीस कुणी मोजलं?" त्याने विचारले.

"अरे, सगळ्यांना माहीत आहे!" रे म्हणाला.

"ते ऐकलं मी. मोजलं कुणी?"

पुढच्या रविवारी त्याने मला वरच्या मजल्यावर बोलावले. टेबलावर एक्केचाळीस कार्डे मांडलेली होती. तळघरातून जेटस्ट्रीमला गेलेले एक्केचाळीस जण. सरासरी वाढ एकोणीस.

"झालं की मग," मी म्हणालो. "वीस नाही तर एकोणीस."

"प्रोफेसर, तू शाळेत मुलांना असंच पास करतोस का? बॉलचा रकाना बघ."

मी पाहिला. तळघरात स्वतःचा बॉल घेण्याची पद्धत नव्हती. मांडणीतले सामायिक बॉल बाप, मुलगे आणि जावई असे सगळेच वापरत. भोके प्रत्येकाला सैल. वेगळा बॉल घेणे म्हणजे शिष्टपणा समजला जाई. जेटस्ट्रीमला गेलेल्या एक्केचाळिसांपैकी सदतीस जणांनी त्याच वर्षी हाताच्या मापाचा बॉल करून घेतला होता, आणि आठवड्यातून एकदा खेळणारे तीनदा खेळू लागले होते.

"तळघर सोडतं कोण?" फ्लोरियन म्हणाला. "ज्याचा हात चढतीला लागलाय तो. त्याचं चढणं आपण घराच्या नावावर लिहितोय. घर बदललं, बॉल बदलला, सराव बदलला, आणि मोजतोय आपण एकच गोष्ट म्हणून. आता उलटं बघ. तिथून इथे आलेले."

इथे आलेले तिघेच होते, तिघेही वस्तीतल्या मुलींशी लग्न करून आलेले. त्यांची घसरण अवघी पाच-सहा पिनांची.

"तिघांवरून काय ठरणार?" मी म्हणालो.

"काहीच नाही. म्हणून मोजायला हवं. तोच माणूस, तोच बॉल, तोच हिवाळा, दोन्ही घरं."

खालून अलोइसने जेवायला हाक मारली. बार्लीचे सूप आणि सॉसेज होते. जेवताना अलोइसने डाव्या हाताने पाव मोडत विचारले, "सगळ्यांना वीस बरं वाटतंय. तुला काय टोचतंय त्यात?"

"मोजलेलं नाही, एवढंच."

"आणि कमी निघालं तर?"

फ्लोरियनने सूपकडे पाहत उत्तर दिले, "तर कमी लिहीन."

अलोइसने मीठ पुढे सरकवले. मीठ कुणी मागितलेच नव्हते.

जानेवारीपासून बारा सोमवार ठरले. आठ खेळाडू आमचे, आठ जेटस्ट्रीमचे. दर सोमवारी दोन्हीकडचे निम्मे तळघरात, निम्मे तिकडे; पुढच्या सोमवारी अदलाबदल. प्रत्येकाने एकच बॉल दोन्हीकडे न्यायचा. तिसरा डाव संपेपर्यंत बिअर नाही. या शेवटच्या अटीवर बर्निस कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तळघरात बिअरशिवाय? फादरना विचारलंस?"

"जेटस्ट्रीमलाही नाही म्हणून सांगितलंय."

"म्हणजे दोन्ही घरांचा सत्यानाश. आणि तिथली ही जर्मन मंडळी दर सोमवारी इथे उपाशी येणार की काय?"

"तू काही केलंस तर..."

"सोमवारी मासे? माझी आजी थडग्यातून उठून येईल!" ती गरजली. पण पहिल्या सोमवारी मासे होते. रे हॉफश्टेटरने चार तुकडे खाल्ले आणि बिअर नाही म्हणून कॉफीबरोबर खाल्ले. हा प्रसंग त्याने पुढे आयुष्यभर युद्धातल्या आठवणीसारखा सांगितला.

ते सोमवार मला अजून दिसतात. जिन्याने ओले बूट वाजवत उतरणारे पाहुणे, छताला डोके लागल्यावर पोलिशमध्ये शिव्या द्यायला शिकलेला रे, वाफेच्या नळावर वाळत घातलेले हातमोजे. पहिल्या सोमवारी ते एका टोकाला बसले, आम्ही दुसऱ्या. चौथ्या सोमवारपर्यंत तिसऱ्या लेनला नावे ठेवण्यात सगळे एक झाले होते. फ्लोरियन मधल्या टेबलावर, पेन्सिल कानावर. अलोइस काउंटरच्या आड, पाटीच्या खाली उभा राहून बघत असे. रोजच्यासारखे तेल मार, एवढेच फ्लोरियनने त्याला सांगितले होते.

सातव्या सोमवारी तळघरातले आठही जण कोसळले. बॉल वळेचना. पिनांच्या उजवीकडून नुसता सरळ निघून जाई. रे एकशे एकोणतीसवर संपला, आणि बूट काढताना त्याने हे बाहेर कुणाला सांगू नका म्हणून सगळ्यांना आईची शपथ घातली. जेटस्ट्रीमला गेलेले आठ मात्र नेहमीसारखेच खेळले होते. आमच्या लोकांनी पाठी थोपटल्या. "बघा, तळघर! आता दिसलं खरं रूप."

फ्लोरियनने आकडे लिहून घेतले.

आठव्या सोमवारी शाळा सुटल्यावर मी त्याच्याबरोबर लवकर गेलो. अलोइस लेनवर तेल पसरवत होता. फ्लोरियनने बूट काढले, मोज्यांवर पहिल्या लेनवर चढला, पंधरा फुटांवर ओणवा झाला आणि लाकडावरून आडवे बोट फिरवले. मधल्या फळ्यांवर, मग कडेच्या फळ्यांवर. पुन्हा पुढे जाऊन तेच. आमच्या तळघरात तेल मधोमध असे आणि कडा कोरड्या राखलेल्या असत, म्हणजे बॉल कडेला गेला तरी लाकूड पकडून आत वळे. त्या दिवशी तेल कडेपर्यंत होते. पिनांच्या दिशेलाही चांगले दहा फूट पुढे गेले होते.

फ्लोरियन बोट रुमालाला पुसत उभा राहिला. "गेल्या सोमवारीही असंच होतं?"

अलोइसने फडक्याचा दांडा भिंतीला टेकवला. "हो."

"चुकून?"

"बावीस वर्षांत माझा हात चुकला का कधी?"

मी जिन्याकडे वळलो. फ्लोरियन म्हणाला, "थांब प्रोफेसर. तू मोजणीत आहेस."

"राहू दे त्याला," अलोइस म्हणाला. "त्यालाही कळू दे. फ्लोरियन, तुझ्या खोक्यांत किती कार्डं आहेत? चार हजार? त्या सगळ्यांना पुढचा हिवाळा होता. मला नव्हता. मला हे एक तळघर होतं आणि लोकांनी दिलेले वीस. ते मी मागायला गेलो नव्हतो. त्यांनी दिले. आणि ते काढून घ्यायला सगळ्या शहरात माझा भाऊच निघाला."

"मी काढून घेत नाहीये."

"मग काय करतोयस?"

फ्लोरियन लेनवर मोज्यांत उभा होता, आणि त्याच्या डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होते. एवढा टापटीप माणूस, पण ते भोक मला तेव्हाच दिसले.

"तू मला खेळायला शिकवलंस," तो म्हणाला. "मी सात वर्षांचा होतो. पाय रेषेच्या पुढे गेला होता माझा. कुणी पाहिलं नव्हतं. नऊ पिना पडल्या होत्या. तू शून्य लिहिलंस."

अलोइसने भिंतीला टेकवलेला दांडा उगाच सरळ केला.

"सातवा सोमवार मी काढून टाकतो. त्याच्याऐवजी तेरावा खेळवू. कारणाच्या रकान्यात लिहीन, तेल."

"कुणी मारलं, ते?"

"तो रकाना फॉर्मवर नाही."

वरच्या मजल्यावर चर्चचा ऑर्गन कुणीतरी सरावासाठी वाजवत होते. तो थांबला, पुन्हा सुरू झाला. अलोइसने फडके उचलले, कोरडे फडके मागून घेतले आणि पहिल्या लेनच्या कडा पुसायला सुरुवात केली. सहाही लेन त्याने पुसल्या आणि पुन्हा पहिल्यासारख्या केल्या. त्याला दीड तास लागला. आम्ही दोघे काउंटरपाशी बसून राहिलो. मदत करू का, असे विचारायचे धाडस मला झाले नाही आणि फ्लोरियनने केले नाही. खेळाडू येऊ लागले तेव्हा फ्लोरियनने लेनकडे पाहिलेही नाही. पुन्हा बोट लावून पाहणे त्याला सहज शक्य होते. पुढच्या एकाही सोमवारी त्याने ते लावले नाही.

जेवणे मात्र वेगळी झाली. अलोइस खाली एकटा जेवे, फ्लोरियन वर डबाबंद सूप गरम करी. बर्निसने मला विचारले, "दोघांचं काय बिनसलंय?" मी म्हणालो, माहीत नाही. ती म्हणाली, "खोटं बोलताना तुझे कान लाल होतात, दूधवाल्या." पण तिने पुन्हा विचारले नाही.

बैठक एप्रिलच्या पहिल्या रविवारी, दुपारी, आमच्याच तळघरात भरली. सहा लेनच्या मागे खुर्च्या मांडल्या होत्या. अलोइस काउंटरच्या आड, त्याच जागी. फ्लोरियनने कागद उघडला.

"आमचे आठ जण जेटस्ट्रीमला एका पिनेने वर गेले," तो म्हणाला. "त्यांचे आठ जण इथे नऊ पिनांनी खाली आले."

"एक का नऊ?" कुणीतरी विचारले. "दोन्ही खरं कसं?"

"परक्या घरात गेलं की पहिल्यांदा दिव्याचं बटण सापडत नाही. तसं लेनवरही होतं. आमच्यांना तिथलं घर सोपं पडलं, पण परकं वाटलं. त्यांना इथलं कठीण पडलं आणि परकंही वाटलं. परकेपणाच्या चार पिना दोघांनाही सारख्याच पडल्या. त्या एकीकडे मिळवा, दुसरीकडे वजा करा. दोन्हीकडून घराचा आकडा एकच निघतो. पाच."

"पाच?" बर्निस उठली. "तेरा सोमवार मी मासे तळले ते पाचासाठी?"

"हो, बर्निस."

"पंधरा पिना कुठे गेल्या मग?"

"एडी यान्चाकच्या नव्या बॉलमध्ये."

एडी मागच्या रांगेत होता. लोक हसले, त्यामुळे हवा जरा सैल झाली. रे उभा राहिला. सवलत कापण्याची त्याची आशा पाचावर आली होती, तरी त्याचा चेहरा पडलेला दिसला नाही. तेरा सोमवारांत त्याला इथले मासे लागले होते, आणि छतही. त्याने काउंटरकडे मान वळवली. मला वाटते, त्याच्या मनात वाईट काही नव्हते.

"म्हणजे पाटीवरचे दोनशे चार," तो म्हणाला, "बाहेर दोनशे नऊ. तरी भारीच की, अलोइस."

कुणीही अलोइसकडे पाहिले नाही. सगळ्यांनी आपापल्या टोपीकडे पाहिले.

"नाही," फ्लोरियन म्हणाला.

"काय नाही?"

"दोनशे नऊ नाही. हे पाच या हिवाळ्याचे आहेत, सोळा जणांचे मिळून. त्यातही प्रत्येकाचे वेगळे. वोल्नीला तळघर सोपं गेलं, रे, तुला चौदाने कठीण. त्या साली इथलं लाकूड वेगळं होतं, पिना वेगळ्या होत्या. बासष्टला लेन तासल्या आपण." त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "अलोइस डोंबेक दुसऱ्या कुठल्याही घरात खेळला नाही. त्याच्या नावापुढे बाहेरचा आकडा लिहिता येत नाही. पाच मिळवता येत नाहीत. वीसही येत नाहीत. मी चिटणीस आहे तोवर त्याच्या कार्डावर तो रकाना कोरा राहील. या घरात, त्या हिवाळ्यात, दोनशे चार. मोजलेलं तेवढं आहे आणि ते पुसायचा अधिकार कुणाला नाही."

त्याने पेन काढले आणि सही केली.

त्या वसंतात पाच पिनांच्या हिशेबाने आम्ही सातवे आलो, आणि मुद्दाम सरासरी पाडतात असे आम्हाला पुन्हा कुणी म्हटले नाही. तळघर पुढे चौदा वर्षे चालले. आता तिथे चर्चच्या जुन्या कपड्यांचा बाजार भरतो. दोघे भाऊही गेले, आधी फ्लोरियन, मग अलोइस. फ्लोरियनच्या खोक्यांतले अलोइसचे कार्ड मी पाहिले आहे. 'इतर घरे' या रकान्यात काही लिहिलेले नाही.

त्या रविवारी बैठक पांगल्यावर आम्ही खुर्च्या रचत होतो. अलोइस काउंटरच्या बाहेर आला. लेन पुसायचे फडके त्याच्या हातात होते. पाटीसमोर थांबून त्याने चौकटीच्या कडेवरची ती पेन्सिलीची अक्षरे पुसली. एकदा पुसून ती गेली नाहीत, इतक्या वर्षांचे गिरवणे होते. त्याने फडक्यावर सफाईचे द्रावण घेतले आणि उरलेल्या तीन बोटांनी दाबून लाकूड उजळ होईपर्यंत घासले. सोनेरी अक्षरांना त्याने हात लावला नाही.

मग फडके खांद्यावर टाकून तो म्हणाला, "उद्या लीगचे सामने आहेत. तेल मारलंय. बघतोस का बोट लावून?"

"कशाला," फ्लोरियन म्हणाला. "तू मारलंयस ना?"

अलोइसने मान हलवली. दिवे मालवता मालवता त्याने विचारले, "सूप किती दिवस डब्यातलं खाणार आहेस?"

"आज संपलं."

"मग खाली ये. बार्लीचं आहे. या प्रोफेसरलाही आण, याच्या तोंडावरून वाटतंय आठवडाभर कुणी जेवायला घातलं नाही."

आम्ही तिघे जिना चढून वर आलो. जिन्याच्या तोंडाशी रे हॉफश्टेटर थांबलेला होता. पुढच्या हिवाळ्यात सोमवारचे मासे चालू राहतील का, एवढे त्याला विचारायचे होते.